पेवातला कंदील

रविवार, १४ फेब्रुवारी १९४३

चावडीच्या रोजनाम्यात जे लिहिता येत नाही ते इथं लिहायचं ठरवलं आहे. मुरुमच्या बाजारातून ही वही आणली तेव्हा इरम्मा म्हणाली, "एक वही पुरंना व्हय तुमास्नी?" आमच्या सौभाग्यवतींना माझ्या लिहिण्याचं कौतुक कधीच नव्हतं.

आज उस्मानाबादच्या जेलातून टपाल आलं. (कागदावर उस्मानाबाद लिहायचं, तोंडानं मात्र सगळे धाराशीवच म्हणतात.) मजकूर उर्दूत, म्हणून फकीर नालबंदाकडून वाचून घेतला. फकीर बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकतो, पण त्याचं उर्दू तहसीलच्या कारकुनापेक्षा चांगलं. दगडोबाच्या सात वर्षांपैकी चार भरली आहेत, जेलातली वागणूक चांगली आहे. नेकचलनीचा मुचलका, म्हणजे चांगल्या वागणुकीची लेखी हमी, आणि दोन जामीन घेऊन त्याला उरलेली तीन वर्षं अटींवर बाहेर ठेवलं, तर गावाला धोका आहे किंवा कसं, हे पोलीस पाटलानं लेखी कळवावं.

पोलीस पाटील म्हणजे मी, शांतलिंग. गेली एकवीस वर्षं.

वाचून झाल्यावर फकीर म्हणाला, "देखो अप्पा, हे आता तुमच्या गळ्यात आलं."

आलंच आहे. दगडोबानं बाविसाव्या वर्षी पाण्याच्या पाळीवरून एकाचं डोकं फोडलं. दीड वर्ष काढून आला, तर पुन्हा तेच. सहा वर्षांत तीन मारामाऱ्या केल्या आणि शेवटी भर बाजारात बैलगाडीच्या जुवातल्या शिवळेनं एका माणसाचा डावा हात मोडला. तो माणूस माझा धाकटा भाऊ सिद्धलिंग. हात वाकडा जुळला, पंजा आजही जमिनीवर सपाट टेकत नाही. सिद्धलिंग दगडोबाच्या मेलेल्या बापाबद्दल काहीतरी बोलला होता म्हणे. काय बोलला ते कोर्टानं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुपारी कागद काढून "धोका आहे" एवढं लिहिलं. पुढं काही सुचेना.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

दगडोबाची आई सारजाबाई चावडीवर येऊन बसली. मागितलं काहीच नाही. मीच विचारलं, "पोराचा राग जन्मापासून असाच का?"

"न्हाय वं पाटील," म्हणाली. "आट वर्साचा व्हता. बाप पेवात उतरला त्यो वर आला न्हाय. चुलता काडाया गेला, त्योबी न्हाय आला. ह्यो एकला वर. दोगास्नी हाका मारून मारून घसा बसला त्येचा. तवापासनं त्येला कुनी आडवं बोललं की हातच पुडं जातो."

पेव म्हणजे आमच्याकडची जमिनीखालची कोठी. ज्वारी भरून वर शिळा ठेवली की आत वाईट हवा साचते. उघडल्यावर दोन दिवस थांबायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं, विझला तर नाही. पोराटोरांना माहीत आहे हे, तरी दोन-चार वर्षांनी कुठं ना कुठं कुणीतरी घाई करतंच.

पण त्या गोष्टीचा सुटकेशी काय संबंध ते मला कळलं नाही. म्हातारी माणसं विषय सोडून बोलतात.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

मला भीती वाटते, ती इथं लिहायला हरकत नाही. सोडा म्हणावं आणि त्यानं उद्या कुणाचा जीव घेतला, तर त्या घरासमोरून मी कसा जाऊ? सोडू नका म्हणावं, तर लोक म्हणतील पाटलानं भावाचा सूड उगवला. आणि ते अगदीच खोटं असेल असं मला स्वतःला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

सिद्धलिंगला विचारलं. तो गोठ्यात एका हातानं पेंढी सोडत होता. म्हणाला, "तुमी लिवाल ते खरं, आण्णा." हे काही उत्तर नव्हे.

शेवटी असं लिहिलं: "धोका नाही असं म्हणवत नाही. पण तीन वर्षांनी तो सुटणारच. तेव्हा त्याच्यावर अट नसेल आणि कुणाची नजरही नसेल. आज अटींवर सोडल्यास माझ्या डोळ्यांसमोर राहील. जबाबदारी घेतो." फकीरकडून त्याचं उर्दू करून घेतलं. लिहिता लिहिता त्यानं पहिला जामीन म्हणून स्वतःचंच नाव घातलं. दुसरा जामीन दगडोबाचा मामा.

इरम्माला सांगितलं तर तिनं भाकरी इतक्या जोरानं थापली की परातच हलली.

शनिवार, ३ एप्रिल

तीन दिवस धाराशीवला जाऊन आज दगडोबाला घेऊन आलो. मोटारीत शेजारी बसला होता. चौतीस वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालीत. तुळजापूर मागं पडलं. मग म्हणाला, "सिद्धलिंगअप्पाचा हात कसा हाय?"

"वाकडा आहे," मी म्हणालो.

अटी चार. सकाळ-संध्याकाळ चावडीवर हजेरी. गावाची शीव ओलांडायची नाही. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. वीतभराहून लांब पातं जवळ बाळगायचं नाही. एक जरी मोडली तर उरलेली तीन वर्षं परत आत. रोजनाम्यात मी चार रकाने आखले, रोज प्रत्येकात लिहायचं: पाळली. अमीन मुनवर साहेबांनी, म्हणजे आमच्या ठाण्याच्या पोलीस अंमलदारांनी, रकाने पाहून मान डोलावली. व्यवस्थितपणा हा माझा गुण आहे.

मंगळवार, ६ एप्रिल

दोन दिवस भाकरीला कुबट वास येतो आहे, थेट पेवातल्या जुन्या ज्वारीसारखा. इरम्माला म्हटलं तर म्हणते, माहेराहून आलेली ज्वारी आहे, तुमचं नाकच म्हातारं झालं. असेल. आमचं पेव तर दोन वर्षांमागं बुजवून टाकलं, सिद्धलिंगनंच बुजवलं.

याच सिद्धलिंगनं यंदा कडब्याची गंजी परसात भलत्याच जागी रचली आहे, अगदी वाटेवर. मी धाराशीवला गेलो तेव्हा रचली. कारण विचारलं तर, "हितं वारं चांगलं लागतंय, आण्णा." शेतीतलं माझ्या भावाला फार कळतं असं नाही, पण वाद कोण घालणार?

सोमवार, १९ एप्रिल

दगडोबाला कुणी कामाला घेईना. विळ्याचं पातं वीतभराहून लांब, त्यामुळं कापणी नाही, कुऱ्हाड तर नाहीच. फकीरनं त्याला आपल्याकडं ठेवून घेतलं. बैलाला पत्री ठोकायची तर आधी बैल पाडावा लागतो. पायांना दोर घालून, मानेला धरून, हळूच. आपटला तर बरगडी जाते.

आज मुद्दाम पाहायला गेलो. लक्ष ठेवणं माझं कामच आहे. दगडोबानं एक आडदांड खिल्लार असा खाली घेतला की त्याच्या तोंडातला कडबासुद्धा पडला नाही. मग मानेवर गुडघा टेकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत बसला.

"ये हात देखो अप्पा," फकीर म्हणाला. "ह्या हातांनी हाडं मोडली म्हणतात. माझ्याकडं आल्यापासून एका बैलाला खरचटलं न्हाय."

बैल शिव्या देत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही.

गुरुवार, ६ मे

रकाने: पाळली, पाळली, पाळली, पाळली. संध्याकाळची हजेरी झाली तरी दगडोबा लगेच जात नाही, ओट्यावर बसतो. आज पाऊसपाण्याचं बोललो. तो नाही आला तर चुकल्यासारखं होईल असं वाटलं. सवयीचा परिणाम.

रविवार, १६ मे

सरकारी लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची, मंडळी गुरुवारी गावात येणार. कुणी धान्य दडवलं असेल तर जप्ती आणि फौजदारी. आधी पाटलानं स्वतःच्या घराचं लिहून द्यायचं असतं. मी दवंडीनंतर सगळ्यांसमोर सही केली: माझ्या घरी पेव नाही, दडवलेला दाणा नाही. सही करताना बरं वाटलं. एकवीस वर्षांत माझ्या कागदावर कुणी बोट ठेवलेलं नाही.

इरम्माला हे सांगितलं. ती चुलीकडं तोंड करून बसली होती. जेवण झाल्यावर सिद्धलिंग आणि ती परसात बराच वेळ बोलत होते. दीर-भावजयीचं इतकं पटतं हे आमच्या घराचं भाग्य.

बुधवार, १९ मे

सकाळी अंगणातला कंदील जागेवर नव्हता, म्हणून मी घरात आवाज चढवत होतो. तेवढ्यात शेजारची चन्नम्मा धावत आली. शेणाला निघाली होती ती, तिला आमच्या परसात दिसलं. "पाटील, दगडोबा धाकट्या अप्पांच्या उरावर बसलाय."

मी पोचेपर्यंत माणसं जमली होती. सिद्धलिंग गंजीजवळ जमिनीवर बसलेला, अंगभर माती, डोळे लाल. दगडोबा दोन हात लांब उभा. चन्नम्मानं सगळ्यांसमोर सांगितलं, त्यानं धाकट्या अप्पांना उचलून खाली घेतलं आणि गुडघ्यानं दाबून धरलं, ते सुटायला धडपडत होते.

"खरं का हे?" मी दगडोबाला विचारलं.

"व्हय. म्या हात लावला."

"का?"

त्यानं सिद्धलिंगकडं पाहिलं. सिद्धलिंग खाली पाहत होता. "त्येंनाच इचारा," दगडोबा म्हणाला.

सिद्धलिंगला विचारलं, एकदा, दोनदा, तीनदा. त्यानं तोंड उघडलं नाही. माणसं खवळली. याला बांधा, आत्ताच्या आत्ता पाठवा, एकदा हात मोडला तेवढं पुरं नाही का. दगडोबाच्या मामानं तिथंच सांगितलं, माझा जामीन आजपासून बंद. आणि ते बरोबरच होतं. माझ्या शब्दावर तो बाहेर आला होता.

मला राग आला. दगडोबाचा आला, आणि त्याहून जास्त माझा. महिनाभर मी त्याच्याबरोबर पावसापाण्याच्या गोष्टी करत बसलो.

दगडोबाला चावडीत बसवलंय. तो आपण होऊनच चालत गेला. अमिनांना चिठ्ठी लिहिली: तिसरी अट मोडली, परत न्यावा. उद्या सकाळी जासूद ती घेऊन ठाण्यावर जाईल. रोजनाम्याचा तिसरा रकाना मात्र कोरा ठेवला. लेखणी टेकवली आणि उचलली. कारण ठाऊक नाही.

गुरुवार, २० मे

चिठ्ठी पाठवली नाही.

सकाळी फकीर आला. ओट्यावर न बसता उभाच राहिला. "अप्पा, एक इचारू? धाकट्या अप्पाच्या अंगावर जखम कुठं हाय?"

जखम कुठंच नव्हती. काल मी स्वतः पाहिलं होतं, एक ओरखडासुद्धा नाही. आणि हे दगडोबाचे हात.

मी परसात गेलो. गंजीच्या बुडाशी पेंढ्या विस्कटलेल्या होत्या. तिथंच माझा कंदील दोरीला बांधलेला पडला होता. काच शाबूत, तेल अर्ध्याच्या वर, वात वर केलेली. तरीही विझलेला. मी तो हातात धरून उभा राहिलो. पेंढ्या बाजूला सारल्या तर खाली बुजवलं म्हटलेल्या पेवाची शिळा, अर्धी सरकवलेली. आतून तो वास आला, माझ्या भाकरीचा.

एकवीस वर्षांचा पाटील मी. महिना-दीड महिना रोज दोन वेळा पुरावा चावून गिळत होतो.

इरम्मा मागं येऊन उभी होती. रडली नाही. म्हणाली, "मीच सांगितलं भावजींना. मागल्या दुष्काळात आपली थोरली पोर गेली, दुधाच्या दोन घोटांवाचून गेली. पुना माझ्या घरात दाणा न्हाय असं व्हऊ द्यायचं न्हवतं मला. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी लिवून दिलं असतं."

खरं आहे, दिलं असतं. थोरलीचं नाव आमच्या घरात अकरा वर्षं कुणी घेतलेलं नाही.

मग सिद्धलिंग बोलला. लेव्हीवाले यायच्या आत दाणा हलवायचा होता. एप्रिलात घरखर्चाला थोडा काढला तेव्हा मी तीन दिवस गावात नव्हतो, म्हणून पेव दोन दिवस उघडं ठेवता आलं. या खेपेला वेळ नव्हता. दिवस उगवताना शिळा सरकवली, कंदील सोडला, तो विझला. त्याला वाटलं, वाऱ्यानं विझला.

"म्या पाय आत सोडला, आण्णा. दगडोबा हजेरीला निघाला व्हता, कुडावरनं त्येनं बगितलं. म्हणला, अप्पा, कंदील इझलाय, उतरू नगा. म्या म्हणलं, तू कोन मला सांगनार? तवा त्येनं मला काखंत धरून वर वडलं आन खाली घेतलं. म्या लाथा मारल्या, शिव्या दिल्या, बापावरनंबी दिल्या. तर म्हणतो, द्या. काय द्यायच्या त्या द्या. पर म्या उठनार न्हाय. दोगं गेल्यात माज्यासमोर, तिसरा न्हाय जानार."

"मग काल का नाही बोललास?"

"बोललो असतो तर पेव निगालं असतं. तुमी सही केल्याली." मग म्हणाला, "आन त्येलाबी ते ठावं व्हतं. तरी त्येनं पेवाचं नाव काडलं न्हाय."

चार वर्षांपूर्वी बाजारात काय बोलला होतास, तेही मी आज विचारलं. म्हणाला होता, तुझा बाप दुसऱ्याची ज्वारी चोरायला पेवात उतरला आणि मेला. पेव आमचं होतं. त्या माणसाला आमच्या वडिलांनीच घाई करून उतरवलं होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी कधी ते कुठं लिहिलं नाही.

लेव्हीवाल्यांची गाडी वाटेत अडकली, ते शनिवारी अमिनांबरोबरच येणार असा निरोप आहे. दगडोबाला आज सरळ सोडून घरी पाठवता आलं असतं. चन्नम्माला काहीतरी समजावता आलं असतं, पेव पुन्हा झाकता आलं असतं. तासभर मी हे सगळं मनात मांडून पाहिलं, ते लपवत नाही. पण साक्षीदार चन्नम्मा, जमलेलं अख्खं गाव. खरं कारण सांगितल्याशिवाय तो आतच जातो. माझी पाटीलकी वाचते आणि त्याची तीन वर्षं जातात.

जुनी चिठ्ठी फाडली. नवी लिहिली. पेव माझं, सही माझी खोटी, हात लावला तो जीव वाचवायला. लिहून झाल्यावर कालपासून पहिल्यांदा भूक लागली.

शनिवार, २२ मे

मुनवर साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. "पाटील, हे तुम्हीच लिहिलंत?"

"व्हय साहेब."

"अठरा सालं नौकरी झाली. घर वाचवायला पाटील काय काय लिहितात ते बघितलं. घराच्या खिलाफ लिहिलेलं हे पहिलंच."

चन्नम्माला विचारलं. ती म्हणाली, मी उरावर बसलेला बघितला, पेव नव्हतं बघितलं. सिद्धलिंगनं सगळं सांगितलं, गावासमोर, बापावरच्या शिवीसकट. शेवटी पेवावर गेलो. शिळा पूर्ण काढून दोन दिवस झाले होते. साहेबांनी दगडोबाला विचारलं, "आता उतरता येईल?" दगडोबानं कंदील पेटवला आणि इंच इंच खाली सोडला. सगळे वाकून बघत होते. खाली ज्योत हलली, बारीक झाली आणि मग सरळ उभी राहिली. दगडोबा तिच्याकडं पाहत राहिला, पाहतच राहिला. "आता उतरा," म्हणाला.

दाणा लेव्हीत गेला. घरापुरतं ठेवा, साहेब म्हणाले. इरम्मानं पदर डोळ्यांना लावला. माझ्या नावानं तंबी लिहिली गेली, पाटीलकीचं काय ते वरून कळेल. कळू दे.

पण दगडोबाचं अजून अडलं आहे. दोन जामीन हवेत, मामा मागं हटला. सोमवारपर्यंत दुसरा मिळाला नाही तर कायद्यानं परत न्यावा लागेल, साहेबांच्या हातात नाही. मी उभा राहिलो तर म्हणाले, पाटील जामीन राहू शकत नाही.

सोमवार, २४ मे

दोन दिवस मी चार घरं फिरलो. आता सगळ्यांना दगडोबाचं कौतुक आहे, पण अंगठा द्यायला कुणाचा हात पुढं होत नाही. त्यांना दोष देत नाही. फेब्रुवारीत माझाही होत नव्हता.

दुपारी साहेब आले, कागद मांडला. फकीर आपला अंगठा उठवून कागदापाशी बसून राहिला. सारजाबाई खांबाला टेकून. साहेबांनी दोनदा विचारलं, दुसरा कोण? मग सिद्धलिंग मागून पुढं आला आणि मांडी घालून बसला.

"मी हाय," म्हणाला.

साहेबांनी वर पाहिलं. "ज्याचा हात मोडला तोच?"

"त्योच. नाव लिवा."

सही केली त्यानं, पण सरकारी कागदाला डाव्या अंगठ्याचा ठसाही लागतो. तो पंजा सपाट होत नाही. शाई लावून त्यानं टेकवला तर ठसा कडेला फिसकटला. दुसऱ्यांदाही तेच.

दगडोबा उठला. सिद्धलिंगसमोर बसला, त्याचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, बैलाचा खूर धरावा तसं हळू. कोपर उचललं, पंजा फिरवला, अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरला आणि कागदावर टेकवला. तसाच दाबून धरला, थोडा जास्तच वेळ. सिद्धलिंगनं हात ओढून घेतला नाही. ठसा रेघन्‌रेघ उठला.

मी साहेबांकडं पाहिलं. तिसरी अट त्यांच्या समोरच्या कागदावर होती. ते चावडीबाहेरच्या लिंबाकडं बघत होते.

संध्याकाळच्या हजेरीला दगडोबा वेळेवर आला, ओट्यावर बसला. मी रोजनामा काढला. एकोणीस तारखेचा तिसरा रकाना अजून कोरा होता आणि आजचा भरायचा होता. दोन्हींत एकच शब्द लिहिला: पाळली.